इतिवृत्त

आठ मार्च. ग्डिनियाच्या गोदीवर अजून वितळता बर्फ.
दारातच विटोल्डसाहेबांनी प्रत्येकीच्या हातात
एकेक ट्यूलिप ठेवलं, मिटलेलं, देठाला रबर गुंडाळलेलं,
आणि म्हणाले, यागुत्का, आज तरी हसायचं हं.

माझं नाव यागोदा फोर्मेला.
यागोदा म्हणजे रानातली बेरी. यागुत्का म्हणजे इवलीशी बेरी,
जिभेवर ठेवली की विरघळावी अशी.
लेशेक मात्र इंजिनियरसाहेब, गेरार्डही इंजिनियरसाहेब.
आम्ही तिघं एकाच वर्षी पास झालो,
आणि गेरार्डची ड्रॉइंगं कुणी काढून दिली
ते त्याच्या आईलासुद्धा माहीत आहे.

काल मी जहाजाच्या पोटात होते,
बॅलास्टच्या टाकीत, गुडघाभर गाळात,
पुरुषी मापाच्या डगल्याच्या बाह्या तीनदा दुमडून
पत्र्यावर यंत्र टेकवत, वीत वीत सरकत.
लोखंड कुणाला लाडाच्या नावानं हाक मारत नाही.
बाराचं सात मिलिमीटर झालं असेल, तर सातच सांगतं.
वर आले, तर कप्तान माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला,
सर्व्हेअर कधी येणार?

बैठकीत वही नेहमीसारखी माझ्यापुढे आली.
ती कशी सरकते, ते कुणीच पाहिलेलं नाही.
टेबल सपाट आहे, मी एकदा पाणसळ लावून बघितलं होतं,
तरी उतार माझ्याकडेच.
तुझं अक्षर सुरेख आहे, म्हणतात.
अक्षर सुरेख म्हणून पाच वर्षं मी
दुसऱ्यांची वाक्यं सोलून, बिया काढून
पानात वाढत आले.

आज म्हटलं, लिहायचंच तर सगळं लिहू.

दहा चौदा: इंजिनियर फोर्मेला म्हणाल्या,
चौथ्या टाकीचा पत्रा बदलल्याशिवाय जहाज सोडू नये.
दहा पंधरा: सर्वांनी खिडकीबाहेरची क्रेन पाहिली.
दहा सोळा: कॉफीचं काय, असा प्रश्न निघाला.
चार जणांनी इंजिनियर फोर्मेलांकडे पाहिलं.
दहा एकतीस: लेशेक म्हणाले,
चौथ्या टाकीचा पत्रा बदलल्याशिवाय जहाज सोडू नये.
दहा बत्तीस: वा! (विटोल्डसाहेब.) बाकीच्यांनी री ओढली.
दहा चाळीस: इंजिनियर फोर्मेला हसत का नाहीत,
याची विचारणा झाली. उत्तराची नोंद नाही.

सूप वाजलं. पाचही सह्या झाल्या,
एकानंही न वाचता.

तळघरात दप्तर सांभाळतात त्या ग्राझीनाबाई
जूनमध्ये निवृत्त होणार. त्यांनी वाचलं.
चष्मा पुसून परत वाचलं.
मग सगळ्यांत खालचा खण ओढला,
लिंबाच्या गोळ्यांचा डबा बाजूला केला,
खाली वह्या, चौऱ्याऐंशी सालापासूनच्या,
लघुलिपीत, जी या इमारतीत आता
त्यांच्याखेरीज कुणाला वाचता येत नाही.
एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी वाचून दाखवलं:
"दुपारचे दोन. माझं म्हणणं मांडलं. केस कुठे कापलेस, असं विचारलं गेलं."
पान उलटत म्हणाल्या, तेव्हा कार्नेशन द्यायचे,
सोबत पायमोज्यांची जोडी,
आणि मिळाल्याची सही घ्यायचे.

एवढंच. खण बंद झाला.
माझ्या पानावर आवक क्रमांकाचा शिक्का बसला,
जरा जोरातच.

ट्यूलिप मी कोरडंच टाकणार होते.
पण त्याचा बिचाऱ्याचा काय दोष.
हाताशी आला तो मग घेतला, पाणी भरलं, त्यात ठेवलं.
मग लेशेकचा होता.
उद्या तो कॉफी कशातून पितो
ते दहा सोळाला कळेल.