कानामागचा डाग

हतनूरचं पाणी जानेवारीत मागे सरतं
आणि गाळाचं एक लांबट बेट उघडं पडतं.
त्यावर सोळा पांढरे.

"बगये नोहेत," गळ सोडून बसलेला सुपडू भोई म्हणतो,
"बगया असा सारा गाव मिळून
वाऱ्याकडे तोंड करून बसत नाई."

मी वहीत लिहितो: कुरव.
मग अडतो.
काळ्या डोक्याचा, की तपकिरी?
ज्या डोक्यावरून नाव पडलं
ते डोकं तो इकडे आणतच नाही.
उन्हाळ्यात कुठल्याशा उंच तळ्यावर मिरवतो,
आपल्याकडे येतो तो पांढरा होऊन,
कानामागे एवढासा काळा डाग ठेवून.

दुर्बीण सुपडूच्या हातात देतो.
तो बराच वेळ काही बोलत नाही.
"तीट लावेल हाये याले," म्हणतो.
"आधीची जगत नव्हती, म्हनून
मले बी सुपात घातलं व्हतं मायनं.
सूप गेलं. नाव राह्यलं."

मी डोळा बघायला सांगतो. फिका आहे का?
"फिका. चुन्यावानी."
आणि उडाला की पंखाचं टोक बघ,
काळ्यात पांढरी खिडकी दिसते का.
"उडू तं दे."

मुक्ताईनगरकडून एक ट्रॅक्टर खडखडत येतो,
बेट उचलल्यासारखं वर जातं,
आणि खिडक्याच खिडक्या.

"समुद्राचं पाखरू हाये?"
अर्धं. हिवाळ्यापुरतं.
"मंग हिथी काय करतं?"
हे पुस्तकात नाही.
तापी खाली सुरतेकडे जाते, एवढंच मी सांगतो.
"म्या नाई पाह्यला समुद्र. बापानं बी नाई.
आमचं पानी जातं तिथी, तेवढंच."

वर गेलेले पंधरा
पुन्हा एकेक करून उतरतात.
सोळावा उठलाच नव्हता.
मान पाठीत खुपसून, डोळा मिटून,
पंख घट्ट.
त्याचं काहीच दिसत नाही,
फक्त तो डाग.

तपकिरी डोक्याचा कुरव – पंधरा, मी लिहितो.
खाली: एक,
आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

सुपडूला अक्षर येत नाही.
तो वहीवर वाकून बघतो, बोट ठेवतो:
"अन् याच्यापुढे गय कशाले टाकला?"