डबा

परिपत्रक आलं. सरांनी बिस्किटांचा रिकामा डबा
माह्या चुलीपाशी ठेवला:
"मैनाबाई, पोरांच्या अंगावर धर्माचं काही दिसलं, यात टाका."

तस्लीमनं ओढणी सोडली.
घडी केली, मोडली, पुन्हा केली.
वर्गात नाही गेली,
पऱ्हाटीकडच्या भिंतीशी बसली.

उकंडरावच्या नातवाची माळ
काढता काढता तुटली. मणी तांदुळात सांडले.
सारे सापडले नाहीत.

खिचडी वाढतानी
सरांची नजर माह्या हातावरल्या गोंदणावर थांबली.
म्या हात पुढं केला, कोपरापर्यंत.
हे कशात टाकू जी?

सर ताटात पाहत राहिले.

संध्याकाळी डबा घासला, मीठ भरलं.
ओढणी तिच्या घरी नेऊन देल्ली.
माय म्हणे, उद्या धाडू का? डोकं झाकून?

म्हटलं, धाड.
डब्यात आता मीठ हाये.