रजेचं कारण

अर्जावर चार कारणं छापलेली होती :
आजारपण, लग्नकार्य, प्रसूती, मयत.
एकावर खूण करायची.
माझं पेन तिसऱ्यापाशी जरा थांबलं,
मग टोपण लावून ठेवून दिलं मी.

तासगावात बेदाण्याचे सौदे भरात होते.
कोल्ड स्टोरेजच्या आवारात टेम्पोमागं टेम्पो,
हिरवा, पिवळा, काळा, पंधरा-पंधरा किलोचे बॉक्स,
आणि आवक रजिस्टर माझ्याकडं.
जमदाडे साहेब म्हणाले, आत्ताच?
म्हटलं, फोन आत्ताच आला, साहेब.
चार वर्षं यादीत होतो.

मुलगी वीस महिन्यांची.
म्हणजे चालती असेल, ते म्हणाले, खातीपिती असेल.
अंगावर पाजायचं नाही, तुम्हाला टाके नाहीत.
राग मानू नका, पण रजा नेमकी कशाची मागताय?
राग आला नाही. प्रश्न बरोबर होता.
उत्तर तेव्हा माझ्याकडं नव्हतं.
शिल्लक अकरा रजा होत्या, त्या टाकल्या.

मिरजेहून येताना ती रडली नाही.
गुणाची आहे हो, सगळे म्हणाले.
मांडीवर बसली ती
ठेवलेल्या पिशवीसारखी.
घरी आल्यावर दाराशी जाऊन बसली,
पायांत संस्थेतले निळे बूट.
काढायला गेलं की पाय पोटाशी घ्यायची.
बूट घालून जेवायची, बूट घालून झोपायची,
रात्री बॅटरी मारून बघितलं तर
बुटाचा पट्टा मुठीत.

कुठं जायचंय हिला? अंकुश कुजबुजला.
पहाटे त्याला भाडं होतं सोलापूरचं.
त्याला रजा मागायला साहेबच नाही,
टेम्पो उभा तर चूल उभी.
परत जायचंय, मी म्हटलं. आणखी कुठं?
न्यायला कुणी येईल म्हणून
तयार बसलीय ती.

सासूबाई म्हणाल्या, बाराव्याला नाव ठेवू.
बारावा कुठून मोजायचा?
आणि नाव होतंच तिला. रेवती.
हाक मारली की बघायची.
आमच्या घरात तेवढी एकच गोष्ट
तिच्या ओळखीची होती,
ती कशी बदलायची?

अकराव्या दिवशी गेले ऑफिसात
तिला कडेवर घेऊन, बुटांसकट.
बाहेर एप्रिल. आत चेंबरचं दार उघडं होतं,
गार हवेचा लोट आला
आणि ती माझ्या मानेत शिरली. पहिल्यांदाच.
थंडी वाजली म्हणून शिरली,
माया म्हणून नाही, कळत होतं मला.
तरी त्या दारात मी
लागेल त्याहून जास्त वेळ उभी राहिले.

साहेबांना बुटांचं सांगितलं.
एवढंच सांगितलं.
ते बराच वेळ तिच्या पायांकडं बघत राहिले,
मग म्हणाले, मीटिंगला ठेवतो.

मीटिंगमध्ये एक संचालक म्हणे बोलले,
पायंडा पडेल.
पडू दे की, जमदाडे म्हणाले.
हे मला चहा घेऊन आत गेलेल्या यासीननं सांगितलं,
त्यामुळं थोडं कमीजास्त असेल.
नव्वद दिवस. भरपगारी.
पहिले अकरा सुद्धा त्यातच धरायचे,
हिशोबात ते कधी सुटत नाहीत.

अर्जावर मयतच्या खाली जागा नव्हती.
साहेबांनी समासात बॉलपेननं लिहिलं : दत्तक.
पुढं कंस उघडला,
काय लिहावं सुचलं नसेल,
तसाच बंद केला.

आज चौतिसावा दिवस.
दुपारी भाकरी थापत होते.
मागं चर्रर्र आवाज आला पट्टा सुटल्याचा.
वळले नाही. भाकरी करपली, तरी वळले नाही.
मग एक पाऊल वाजलं,
एक वाजलं नाही,
एक वाजलं, एक नाही,
असं ओट्यापर्यंत.

डावा काढलाय.
उजवा अजून पायात आहे.
असू दे.
माझ्याकडं छप्पन्न दिवस आहेत.