बार्तोलोचं महावस्त्र

चर खणायला आम्ही बारा जण होतो.
बोलिव्हियाकडे तोंड करून खणायचं,
माती चिलीच्या अंगाला टाकायची,
एवढंच शिकवलं.
बारा हजार फुटांवर कुदळ मारली
की आधी छाती वाजते, मग जमीन.
माझ्या आजोबांचे लामा इथेच चरायचे,
अल्याड आणि पल्याड.
त्यांना कुणी कागद मागितले नव्हते.

चरापासून हाकेवर माझं गाव.
एकवीस घरं, चौदांना कुलूप,
माणसं खाली बंदरात, पोटामागे.
एक मातीचं देऊळ,
त्याची किल्ली सेवेरिना आत्याच्या कमरेला.
पाद्री वर्षातून एकदा येतो, चोवीस ऑगस्टला.
बाकीचे दिवस संत बार्तोलो
आत्याच्या हवाली.

रात्री ते येतात.
व्हेनेझुएलाहून निघालेले,
चार देश पायांखाली घालून,
आणि पायांत चपला.
हो, चपला. उणे बारामध्ये.
दलदल वरून गोठलेली असते,
पाऊल पडलं की काचेसारखी फुटते.
तो आवाज आला की टॉर्च मारायचा
आणि ओरडायचं, "मागे फिरा!"
मी ओरडायचो.
आवाज माझाच असायचा.

जुलैतल्या एका रात्री टॉर्च मारला
तर काठावर एक बाई, पाठीला मूल बांधलेलं.
पळाली नाही, रडली नाही.
म्हणाली, "बाळा, इथून उतरायचं कसं?"
बसस्टॉप विचारावा तसं.

मी टॉर्च बंद केला.
सार्जंटला सांगितलं, सेल संपले.
एवढंच केलं मी.
याहून जास्त केलं असं कुणी सांगितलं
तर खोटं आहे.

पुढचं आत्याकडून कळलं.
देवळात आठ जण, एक मेणबत्ती,
कागदाची फुलं आणि कोकाच्या पानांचा चहा.
मुलाचे ओठ जांभळे.
घरातली घोंगडी आधीच वाटून झालेली.
आत्या बाकावर चढली,
संताच्या खांद्यावरचं महावस्त्र उतरवलं,
मखमली, जरीकाठी, फेर्मीन चोकेनं नवसाचं दिलेलं,
आणि पोराला गुंडाळलं.
पोरगं रात्रभर त्यात झोपलं
आणि पहाटे त्यातच मुतलं.
"म्हणजे जगलं," आत्या म्हणाली.

ऑगस्टात बंदरातून माणसं वर आली,
ट्रॉम्बोन आले, ढोल आले, बिअरचे खोके आले.
धुऊन धुऊन मखमलीचं फडकं झालेलं,
जर काळी पडलेली.
फेर्मीन भर देवळात ओरडला,
"माझ्या घराचं दार तोडून जाळलं त्यांनी!
शेकायला! माझं दार!
आणि तू त्यांना माझं वस्त्रही दिलंस?"
दाराचं खरं होतं.
राख मी पाहिली होती.

आत्या प्रवचन देणाऱ्यातली नाही.
तिनं नुसतं बोट दाखवलं.
बार्तोलोला जिवंत सोललं होतं,
म्हणून आमच्या मूर्तीच्या हातावर
त्याची स्वतःचीच कातडी आहे,
घडी घातलेल्या कोटासारखी.
लहानपणापासून पाहतोय आम्ही,
कधी पाहिलीच नव्हती.
"त्यानं ही दिली," आत्या म्हणाली,
"कुणी जोडे मागितले
तर याचेही करून देईल तो.
तुझ्या मखमलीचं त्याला काय?"

ढोलवाला ढोल वाजवायचा विसरला.
पाद्री चष्मा पुसत राहिला, बराच वेळ.
संत त्या वर्षी उघड्या खांद्यानं फिरला,
वारा बोचरा होता.
फेर्मीन मिरवणुकीत आला नाही.
त्यानं लोखंडी दार बसवलंय आता.
पायरीवर मात्र एक कॅन असतो, पाण्याचा.
तो त्यानं ठेवला की त्याच्या बायकोनं,
मी विचारलेलं नाही.

माझे अजून दोन महिने बाकी आहेत.
वारा चरात वाळू भरतो, आम्ही उपसतो.
परवा कुदळीला एक चप्पल लागली,
माझ्या तळहाताएवढी.
खिशात घातली.
परत कुठे ठेवायची, सुचत नाही.

सार्जंटनं कालच नवे सेल पाठवलेत.
चांगल्या कंपनीचे आहेत.
पहाटेपर्यंत टिकतात.