पीळ

मी वाक्यं विकतो.
ट्रॉन्हाइमच्या दूधसंघाला विकली, बर्गनच्या बोटकंपनीला,
दोन बँकांना, आणि एकदा
शवपेट्या बनवणाऱ्या एका सज्जन भावांच्या जोडीला.
'उद्याच्या पिढ्यांसाठी' हे शब्द तिथे
त्यांनीच हळूच खोडायला लावले.

ओलेसुंडच्या उत्तरेला, फ्योर्डच्या काठावर,
दोरखंडांचा कारखाना आहे.
जुनी शेड तीनशे मीटर लांब,
रुंदीला दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढीच.
पूर्वी दोर वळणारा इथे उलटा चालायचा,
कमरेला तागाचा भारा, नजर वळलेल्या दोरावर,
पाठ दाराकडे.
दिवसाला सोळा-सतरा किलोमीटर
पुढचं काहीही न बघता.

आणि मी आलो होतो त्यांना व्हिजन द्यायला.

तीन दिवस. खिडकीच्या काचेवर पिवळ्या चिठ्ठ्या,
त्यामागे समुद्र, तोही हळूहळू पिवळा झालेला.
नवे संचालक हाल्वर मोकळेपणाने म्हणाले, मोठं स्वप्न बघा.
लोकांनी बघितलं. दालचिनीच्या पावांसोबत बघितलं.
सुतावरून स्वर्ग गाठणं हा माझा धंदाच,
इथे तर सूत मुबलक होतं.
तिसऱ्या दुपारी मी पडद्यावर वाक्य आणलं:
'सागरी जगाला विश्वासाने जोडणारी,
नावीन्याचा ध्यास घेतलेली,
उत्तरेतली अग्रगण्य कंपनी.'
टाळ्या पडल्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तोरुन रेक्डाल मागच्या रांगेत होती.
एकतीस वर्षं ती दोर तोडते.
म्हणजे यंत्राला लावून ताणते, तुटेपर्यंत,
आणि आकडा लिहून ठेवते.
तिने हात वर केला नाही. नुसतंच विचारलं,
"या वाक्याप्रमाणे
आपण कोणता दोर बनवायचा नाही?"

हाल्वरच्या फोल्डरमध्ये एक कोटेशन होतं, मला माहीत होतं.
नवा धागा, तीस टक्के स्वस्त,
कोरडा असेतो उत्तम.
मी वाक्य पुन्हा वाचलं. मनात, मग ओठ हलवून.
त्यात स्वस्त धागा बसत होता.
महागही बसत होता.
मासे बसत होते, हवं तर पियानोसुद्धा.
मी म्हणालो, "चांगला प्रश्न आहे."
उत्तर नसलं की आमच्यात असंच म्हणतात.

जाताना तिने मला एक चिठ्ठी दिली,
प्रत्येक वेटोळ्यात घालतात तसली, मेणकापडाची.
छापील काही नव्हतं. पेन्सिलीने फक्त:
'ओला करून ताणला. तो. रे.'
तिच्या आधी कोणी ओलाव होते, त्यांची सही असायची.
त्यांच्या आधीचं कोणाला आठवत नाही.

वाक्य मंजूर झालं, नऊ विरुद्ध दोन.
महिन्याभराने हाल्वरचा मेल आला.
वाक्य जरा छोटं केलंय, राग मानू नका.
जोडलेल्या फोटोत दाराच्या वर, आतल्या बाजूला,
तीन शब्द होते:
'ओलाही धरतो तो.'
स्वस्त दोरही ते आता बनवतात,
वेगळ्या नावाने, बागांच्या कुंपणांसाठी.
बिल त्यांनी पूर्ण भरलं.
त्या पावतीकडे मी बराच वेळ बघत बसलो.

परवा मोल्देच्या धक्क्यावर रात्रीची फेरी लागत होती.
एका पोराने दोर फेकला, खालच्याने झेलला,
खुंट्याला दोन वेढे, करकर आवाज,
आणि एवढी मोठी बोट, आत झोपलेल्या माणसांसकट,
थांबली.
मी वाकून बघितलं, कोणाचा दोर आहे.
अंधार होता. चिठ्ठी तर
पहिल्याच दिवशी काढून फेकतात.

उद्या सकाळी नऊला
एक विमा कंपनी आहे.
चिठ्ठ्या घेतल्यात, पिवळ्याच.
त्यांना पहिल्यांदा काय विचारायचं
ते तेवढं
पेन्सिलीने लिहून ठेवलंय.