उसनी शिवी

बाबांनी मराठीत शिवी दिलेली
मी कधी ऐकली नाही.
द्यायची तर कानडीत.
म्हणायचे, आपली भाषा म्हणजे प्यायच्या पाण्याचा तांब्या,
त्यात चूळ भरू नये.

उद्यमबागेतल्या फौंड्रीत त्यांच्या जोडीला बसलिंगप्पा.
त्याचं उलटं.
कानडीत देव, पगार, लेकीचं लग्न,
आणि शिव्या सगळ्या मराठीत, भाड्यापासून पुढे.
तीस वर्षं दोघांनी एकमेकांची भाषा
अशी वापरली, शेजाऱ्याची कुऱ्हाड वापरावी तशी,
आणि संध्याकाळी आपापल्या घरी
तोंड धुऊन गेले.
गावात पाट्यांना डांबर फासलं त्या आठवड्यातसुद्धा
हा व्यवहार बंद नव्हता.

एकदा लेडल कलला.
वितळलेलं लोखंड, खाली बसलिंगप्पा पाठमोरा.
बाबा ओरडले, "बोळीमगा!"
आणि तो उडी मारून बाजूला.
मी नंतर बोटांवर मोजलं:
"बाजूला हो" यातही चारच अक्षरं.
बाबा म्हणाले, "खरं, बाजूला हो म्हटल्यावर
माणूस आधी वळून बघतंय, कोण, कशाला."

माझ्या साखरपुड्यात मात्र
खानापूरच्या हॉलमध्ये, वाढणाऱ्या पोराच्या हातून
आमटीची बादली निसटली
आणि बाबांच्या तोंडून तेच.
सासरची माणसं गडहिंग्लजची, त्यांना अर्थ कळला नाही.
आवाज कळला.
सासूबाईंनी पदर सावरला
आणि पुढची चार वर्षं माझं प्रत्येक वाक्य
तांदळासारखं निवडून घेतलं.
अर्थ कळला तो एकट्या पोराला.
बारा-तेरा वर्षांचा, कित्तूरकडचा.
रात्री बाबा स्वयंपाकाच्या मांडवात त्याला शोधत गेले,
हातात पन्नासची नोट,
आणि काय म्हणायचं ते न सुचून
त्याच्या खिशात कोंबून आले.

त्या शब्दाचा अर्थ मला कॉलेजात कळला होता.
बोळी म्हणजे केस उतरवलेली, नवरा मेलेली.
तिचा मुलगा.
मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते.
आमच्यात केस उतरवत नाहीत,
पण आजीचं कपाळ
बाबा पोटात असल्यापासून मोकळंच.
ताटातलं बोट तसंच ठेवून म्हणाले,
"म्हणजे इतकी वर्षं मी..."
पुढचं बोलले नाहीत.
आठ दिवस पाळलं.
नवव्या दिवशी साचा फुटला.

आता डावा मेंदू विझलाय.
माझं नाव गेलं, आईचं गेलं,
एक ते दहा आकडे गेले,
राहिला हा एक.
पाणी हवं, बोळीमगा.
खिडकी लावा, बोळीमगा.
दुखतंय, तर तोच, फक्त लांब.

नर्स महादेवी बैलहोंगलची.
पहिल्या दिवशी ऐकून तिनं ट्रे आपटला.
मी माझ्या मोडक्या कानडीत सांगू लागले,
मेंदू, रक्ताची गाठ, मनात काही नसतं त्यांच्या,
ती म्हणाली, "माझी आई तशीच आहे.
मला तिनं एकटीनं वाढवलं."
मग मला काही सांगता आलं नाही.
तेव्हापासून ती पाणी वेळेवर देते,
त्यांच्या तोंडाकडे बघत नाही.

आज बसलिंगप्पा आला,
काठी टेकत, तीन बस बदलून.
दारात उभा राहिला.
बाबांनी मान वळवली, ओठ जुळवायला वेळ लागला,
आणि म्हणाले. तोच शब्द.
इतका मऊ मी तो कधी ऐकला नव्हता.
बसलिंगप्पा स्टुलावर बसला, त्यांचा हात मांडीवर घेतला.
"काय रे भाड्या," म्हणाला,
"जेवलास का न्हाई?"

मग बराच वेळ एक तो शब्द, एक हा,
मध्ये काहीतरी हसू.
पलीकडून औषधाचा ट्रे घेऊन
महादेवी येताना दिसली,
तशी मी उठले
आणि दार हळूच लोटून घेतलं.