घेण्यास नकार

तीस वर्षं या वाटेनं मी टपाल वाटलं.
आता कानाला हेडफोन लावून तीच शेतं पुन्हा चालतो,
हातात मशीन, कमरेला खुरपं.

गॅरड बाईंनी परवानगी दिली ती दारातूनच:
"खड्डे बुजव. गवताची चकती होती तशी बसव,
मेंढ्यांचे पाय मोडता कामा नयेत.
आणि सोनं सापडलं तर चहाला ये."

सफकमधला नोव्हेंबर.
जमीनदाराच्या जुन्या घराचा आता फक्त खंदक उरलाय,
त्यात चार बदकं आणि एक टायर.

लोखंड गुरगुरतं, ते ऐकून सोडून देतो.
शिसं खोटं बोलतं. ॲल्युमिनियम तर सराईत:
काडतुसांची बुडं, डब्यांच्या कड्या, चॉकलेटची चांदी.
दुपारपर्यंत जॉर्ज राजाची एक पेनी,
कुठला जॉर्ज, ते मातीनं चाटून साफ केलेलं.
नाण्याला खणखणीत म्हणतात,
त्यात आधी खणणं आहे
हे मला पासष्टीत कळलं.

मग कुंपणाच्या पायरीच्या वीस पावलं अलीकडे
एक उंच, स्वच्छ सूर,
ओळखीच्या दाराची बेल वाजावी तसा.

वीतभर खाली चांदी.
सहा पेन्सांचं नाणं, घासून घासून कोरं,
आणि दोनदा वाकवलेलं, एकदा वर, एकदा खाली.
नांगरानं नव्हे. माणसानं, मुद्दाम.

ऑब्रे कॅटरमोल म्हणाला, तीनशे वर्षांपूर्वी पोरं असं करत.
वाकवलं की बाजारात चालत नाही,
एकाच तळहातावर चालतं.
पोरगी ते जपून ठेवी,
नाहीतर त्याची पाठ वळली की भिरकावून देई.
"शेतातच जास्त मिळतात," म्हणाला, आणि हसला.

सोनं नव्हतं, तरी चहाला गेलो.
बाईंनी चष्मा शोधला. नाणं टेबलावर ठेवून
बोटानं ढकललं. ते बराच वेळ डुलत राहिलं.
"नक्की कुठे?"
पायरीच्या अलीकडे, वीस पावलं.
"म्हणजे घर दिसायच्या आत," त्या म्हणाल्या,
आणि किटली पुन्हा भरायला उठल्या,
अजून भरलेलीच होती ती.

एका वर्षी दर मंगळवारी निळं पाकीट यायचं,
लोस्टॉफ्टचा शिक्का.
बाई ते न उघडता कोपऱ्यात लिहायच्या: घेण्यास नकार.
अक्षर वळणदार, घाई नसलेलं.
बुधवारी मीच ते परत न्यायचो.
ऑक्टोबरात पाकिटं थांबली.
तरी पुढचे काही मंगळवार
माझी सायकल वाजली की पडदा हलायचा.
पोस्टमन विचारत नसतो. मीही विचारलं नाही.

"साठेक पौंड येतील याचे," मी म्हटलं.
"येत असतील. होतं तिथं ठेव.
आणि गवत नीट बसव."

ठेवलं. वीतभर खोल, त्याच बाजूनं वर,
ओल्या मातीत अंगठ्यानं दाबून.

अजूनही रविवारी तिथून जाताना ती बेल वाजते.
थांबतो, पुरती वाजू देतो, पुढे होतो.
ऑब्रेला सांगितलंय तो पट्टा रिकामा आहे.
माझ्या नकाशावर त्या जागी
पेन्सिलीनं लिहिलंय: काडतूस.